जन्माआधीचा सुंठवडा

चौऱ्याऐंशी सालची रामनवमी. नाहूरला आमच्या चाळीच्या मंडपात धोंडिरामबुवांचं जन्माचं कीर्तन रंगलं होतं. बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती आणि बुवांचा आवाज एकदम बसला. अंगरखा घामाने भिजला. एकच चरण चारदा म्हणाले, डोळे अर्धवट मिटले. आम्ही हात जोडले. शेजारी जयवंतराव पुटपुटले, "समाधी लागली हो बुवांची!" मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

बायकांतून शेवंतीवहिनी उठल्या. बुवांच्या मंडळी, मालवणकडच्या, शाळा जेमतेम दोन यत्ता. बुवांना मधुमेह. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून इन्सुलिन त्याच टोचायच्या, नऊ वर्षं. रंगलेल्या कीर्तनातून कुणी चालत जात नाही. त्या सरळ गेल्या, बुवांच्या कपाळाला हात लावला आणि पाळण्यापुढचा सुंठवड्याचा डबा उघडला.

"अहो वहिनी, जन्म व्हायचाय अजून!" जयवंतराव ओरडले. "त्याआधी सुंठवडा?"

"समाधी नाय ही. साखर उतरलीय. पाणी द्या आधी!"

आमचा सुंठवडा म्हणजे सुंठ नावाला, बाकी पिठीसाखर. मूठभर पाण्यात कालवून त्या घोट घोट पाजू लागल्या. "गिळा. अजून एक. गिळा म्हणते ना!"

मग आमच्याकडे वळल्या. "चूक माझी. काल दुकानात इन्सुलिनची नेहमीची चाळीसची बाटली नव्हती, ऐंशीची दिली. दुप्पट कडक. मी जुन्याच खुणेपर्यंत ओढलं."

कुणी विचारलंही नव्हतं. आवाज ठाम होता. बुवांना पाठीशी धरूनच त्यांनी एकाला रिक्षा आणायला पिटाळलं.

दहा मिनिटांनी बुवांनी डोळे उघडले. "कुठल्या चरणावर होतो गं?"

"चरण राहू दे. रिक्षा आलीय. औषध अजून अंगात आहे, साखर परत उतरेल."

"अगं, पण जन्म..."

"राम त्याच्या वेळेला जन्मेल. तुम्ही चला."

बाराला पाळणा आम्हीच म्हटला, बेसूर. संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो तर बुवा पेज जेवत होते आणि वर मीठ कमी म्हणून कुरकुरत होते. वहिनी डॉक्टरांसमोर रिकामी सिरिंज उजेडात धरून उभ्या होत्या.

"ऐंशीची असली तर कुठवर ओढायचं? पुन्हा एकदा दाखवा."

डॉक्टर म्हणाले, "काही दिवस नर्सबाई येऊन देतील, चालेल?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "उद्या सकाळी मीच देणार. तुम्ही बघत उभे राहा."