तळाशी उरलेला हिरवा

मित्रांनो, जिन्याखाली खराट्याला टेकून बसलेला तो गंजका, पोचे पडलेला रंगाचा डबा म्हणजे मीच. नाक मुरडू नका. एके काळी माझ्या पत्र्यात लोक तोंड पाहायचे.

कारखान्यात मला लोखंडाच्या पातळ पत्र्यापासून घडवलं. बाहेरून कथलाचा मुलामा, आतून लेप, म्हणजे लोखंडाला अंगभर कपडेच की! असा नटूनथटून, पोटात पांढरा रंग घेऊन मी रंगारीकाकांच्या घरी आलो. काकांनी त्यात हिरवा कालवला, थोडा पिवळा आणि थेंबभर काळा. माप नाही, नंबर नाही, सगळा नजरेचा खेळ. नव्या घरात रुसून बसलेल्या काकू स्वयंपाकघराची ती हिरवी भिंत पाहून हसल्या. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

काम संपल्यावर काकांनी काठाच्या खाचेतला रंग पुसायचा कंटाळा केला आणि झाकणावर हातोडा हाणला. झाकण वाकडं बसलं, मुलामा खरवडला आणि लोखंड उघडं पडलं. लोखंडाची ओलाव्याशी आणि हवेशी गाठ पडली की गंज धरलाच म्हणून समजा. माझा रंग पाण्यात मिसळलेला. पोट जवळजवळ रिकामं, त्यामुळे आत हवाच हवा. रंगातली वाफ झाकणाला आतून थेंबाथेंबाने चिकटायची. बाहेर मला ओलसर फरशीवरच ठेवलेलं. त्यात काकूंची माया! भांडी लख्ख ठेवणाऱ्या काकू मलाही ओल्या फडक्याने पुसायच्या आणि तसंच ओलं ठेवून द्यायच्या. मला गुदगुल्या व्हायच्या, पण गंजाचं आयतंच फावायचं. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एकदा भिंतीतला पाइप गळू लागला. प्लंबरने भिंत फोडून पाइप बदलला, गवंड्याने खड्डा बुजवला आणि हिरव्या भिंतीच्या मधोमध पांढरं ठिगळ दिसू लागलं. लेक म्हणाली, आता सगळं स्वयंपाकघर पांढरंच करून टाकू. काकूंचा चेहरा उतरला. काकांनी तोच हिरवा पुन्हा कालवायला घेतला, पण त्यांची नजर आता अधू झालेली. रंग निळसर निघाला आणि ते त्यांना कळलंच नाही. काकूंनीच ते हळूच सांगितलं. काकांनी ब्रश खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात काकूंना माझी आठवण झाली. झाकण काही केल्या निघेना. काकांनी नेट लावला तसे गंजाचे पापुद्रे सुटून थेट रंगात पडले.

"तुझ्या ओल्या फडक्याची करामत," काका म्हणाले.

"आणि तुमच्या हातोड्याची," काकू म्हणाल्या.

दोघांचंही खरं होतं. काकांनी रंगाचा वास घेतला. नासलेला नव्हता. त्यांनी वरची साय आणि पापुद्रे अलगद काढले आणि रंग जुन्या पायमोज्यातून गाळला. गंज मोज्यात अडकला आणि खाली जेमतेम दोन वाट्या हिरवा उतरला. तो ठिगळावर लावला तर फिकटच दिसू लागला. लेक हळहळली. ओल्या रंगाचा भरवसा नसतो, वाळू दे, असं म्हणून काकांनी सगळ्यांना जेवायला बसवलं. घास तोंडात जात होते, पण डोळे भिंतीवर खिळलेले.

जेवणं आटोपली तरी काका भिंतीजवळ जाईनात.

"जुळला का गं?" त्यांनी लांबूनच विचारलं. "मला काही समजत नाही. तूच सांग."

काकूंनी भिंतीवरून तळहात फिरवला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"अहो, ठिगळ होतं कुठे, तेच सापडत नाही."

काका नुसते हसले. लेकीने पांढऱ्या रंगाचा विषय पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, डबा बंद करताना काठ पुसत जा, झाकण हलक्या हाताने दाबा आणि डबा कोरड्या फळीवर ठेवा. तळाशी उरलेलं थोडंसंच असलं, तरी ते पुन्हा कुणाला कालवता येईलच असं नाही.