दादाची सुटका

धाकटीने व्हिडिओ बरोब्बर एकेचाळिसाव्या सेकंदाला थांबवला आणि मोबाइल दादाच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. इथे तुझा खांदा खाली जातो, बरोबर? मग लगेच डोकं बाहेर कसं येतं? मला एवढंच कळत नाही. चाळीस वेळा बघितलं असेल."

"जिन्यात काय दाखवतेस? पडशील."

"मग वर दाखव. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

सगळे म्हटल्यावर त्याचा पाय पायरीवरच अडकला. खाली टायरचं दुकान, वर जिम, आणि जिन्यात तो रबराचा असा वास की घशात बसावा. सात वर्षांत तो हा जिना एकदाही चढला नव्हता, कारण वरची जिम पान्याची होती. आणि त्या व्हिडिओत, एकेचाळिसाव्या सेकंदाला, त्याची मान ज्याच्या काखेत अडकली होती तो माणूस म्हणजे पाना.

पाना हे काही खरं नाव नव्हे. बोल्टला पाना बसावा तशी पकड, बसली की बसली, म्हणून पाना. आणि धाकटीच्या दादाला सगळे मासा म्हणायचे, तेही याच फाइटमुळे. त्याआधी त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं. पिंजऱ्यातल्या, ठोसे आणि कुस्ती दोन्ही चालणाऱ्या, तीन फाइट खेळलेला, त्यातल्या दोन हरलेला, आणि समोर कोण, तर अकरा जणांना गळा आवळून हरवलेला पाना! दुसऱ्या राउंडला पान्याने त्याची मान काखेत घेतली, हात गळ्याखालून वळवला, पिंजऱ्यातच पाठीवर आडवा झाला आणि पायांनी याची कंबर जखडली. याला गिलोटिन म्हणतात. पाच-सहा सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते, मग माणूस हाताने दोन-तीन थापा मारतो, टॅप करतो. म्हणजे हरलो, सोड. पण हा सुटला! हातातून मासा सटकावा तसा सटकला, वर बसला, चार ठोसे, आणि पाना बेशुद्ध. हॉल नुसता पेटला. समालोचक खुर्चीवर चढून "मासा! मासा!" करून बोंबलला, आणि झालं, नाव पडलं.

मग काय विचारता. ओळीने सहा फाइट जिंकल्या. मोठ्या लीगने उचललं. चौकात त्याचा फोटो लागला, हातात प्रोटीन पावडरचा डबा, आणि फोटो एवढा मोठा की आई भाजी आणायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायला लागली. मग सातवी फाइट हरला. आठवीही. एकाने गुडघा फोडून हरवलं, एकाने नुसतं दमवून. एकदा तर वजनातच नापास, अंगातलं पाणी काढून काढून ओठ फुटले आणि तरी सहाशे ग्रॅम जास्त. पाच फाइट हरल्यावर लीगने दोन ओळींचा मेल पाठवला. चौकात आता गाद्यांची जाहिरात आहे. आणि मासा एका फरशीच्या गोदामात खोकी उचलतो. आईला सांगितलंय की हा व्यायामाचाच भाग आहे. आई बरं म्हणते, आणि आल्यावर मुकाट्याने त्याच्या खांद्याला तेल चोळते.

धाकटीला हे काही दिसतच नव्हतं. तिच्या लेखी दादा म्हणजे तो एकेचाळिसावा सेकंद. घरात पत्ता लागू न देता आठ महिने ती पान्याकडे शिकत होती, आणि परवा तिची पहिली फाइट होती. कॉर्नरला, म्हणजे पिंजऱ्याबाहेर आपल्या बाजूने बसायला, दोन माणसं लागतात. एक सर. दुसरा दादा, असं तिने परस्पर लिहूनही दिलं होतं.

तरी तो आला नसता. पण तीन दिवसांपूर्वी गोदामात मेसेज आला होता, पान्याचा. 'एकदा येऊन जा.' सात वर्षांनी, फक्त एवढंच. त्याने मोबाइल खोक्यावर पालथा ठेवला आणि दिवसभर त्या खोक्याला हात लावला नाही.

वर पाना स्वतः मॅट पुसत होता. वजन वाढलं होतं, केस गेले होते, आणि नाक डावीकडे वाकलं होतं. ते नाक आधी सरळ होतं.

"ये," पाना म्हणाला. "चपला बाहेर काढ. मॅट ओली आहे."

त्याने चपला काढल्या. मग उगीचच त्या उचलून एकमेकींशेजारी नीट लावल्या.

"अगं बाई, हाच का मासा?" धाकटीची सरावातली जोडीदार कमरेवर हात ठेवून बघत होती. चाळिशीची, पेशाने दातांची डॉक्टर. "व्हिडिओत केवढा दिसतो! दात सगळे तुमचेच का?"

"दोन नाहीत."

"मग या ना एकदा. मी इथे पाडते, तिकडे बसवते."

धाकटी खदखदून हसली. पानाही हसला. मासा हसायला गेला, ते जमलं नाही.

"हिला जरा समजाव," पाना म्हणाला. "माझं ऐकत नाही."

"काय ऐकायचं?" धाकटी मॅटवर फतकल मारून बसली आणि तिची गाडी सुटली. "दादा, ऐक हं. परवाची ती पोरगी आहे ना, चारच्या चार फाइट तिने गिलोटिनने मारल्यात. दुसरं काही येतच नाही तिला. म्हणून मी काय करणार, मुद्दाम मान देणार. घे बाई, घे! ती पिळणार, पिळणार, हात भरून येणार तिचे. आणि मग मी दादाची सुटका करणार. खांदा खाली, हनुवटी आत, श्वास धरायचा, चार मोजायचे आणि सटक! तूच सांगितलंस ना त्या मुलाखतीत?"

सांगितलं होतं. झगमगीत खोलीत, मऊ सोफ्यावर बसून, समोरच्या बाईने "काय युक्ती केलीत?" विचारल्यावर तोंडाला आलं ते सांगितलं होतं. खांदा खाली, हनुवटी आत. नंतर कुणीतरी व्हिडिओतल्या त्या चित्रावर बाणही काढले होते.

"आणि नाही सुटलीस तर?" पान्याने विचारलं.

"सर, तुम्ही रोज तेच! दादा सुटला की नाही?"

पान्याने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, परत बुडवलं.

"सुटला," तो म्हणाला.

"मग? राग मानू नका हं सर, पण तुम्ही हरलात ना त्यात, म्हणून तुम्हाला ती शिकवायची नाहीये."

"असेल."

"आणि अडकलीस तर टॅप करशील ना?" मासा घाईघाईने म्हणाला.

"छे!" धाकटीने मान उडवली. "आपल्या घरात टॅप करत नाहीत."

ती हे इतक्या थाटात म्हणाली की त्याने नजर खाली नेली आणि पायाच्या अंगठ्याने मॅटचा उचकटलेला कोपरा दाबत राहिला. श्वास धरून चार मोजायचे. चार मोजेपर्यंत ही बेशुद्ध होणार. रेफरीला पटकन दिसलं नाही तर पुढचं मोजायला कुणी नाही.

"सरांना मी विचारलं होतं," ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "तुमची पकड कशी काय सुटली? तर म्हणे घाम होता, हात सरकला. बघा! मानायलाच तयार नाहीत."

मासा पान्याकडे बघत राहिला. सात वर्षं हा माणूस लोकांना सांगत होता, हात सरकला. पान्याचा हात!

मोबाइल मॅटवर पडला होता, व्हिडिओ तसाच थांबलेला. त्यात पाना उताणा आहे, मान वळवून रेफरीकडे बघतोय, तोंड उघडं. सगळे म्हणतात, बघा, दम लागला होता बिचाऱ्याला. दम कसला लागतोय? तो रेफरीला सांगत होता की याने टॅप केला. कारण केला होता. रेफरी डावीकडे होता आणि माशाचा उजवा हात खाली, पान्याच्या बरगड्यांवर. डोळ्यांपुढे काळं झालं तेव्हा त्या हाताने दोनदा, अगदी हलकं, टॅप केला होता. आणि पान्याने सोडलं. रेफरीची वाटही न बघता सोडलं, कारण सरावात अशीच सवय असते, समोरच्याचा टॅप लागला की हात आपोआप ढिला होतो. एक क्षण माशालाही वाटलं, संपलं, हरलो. मग दिसलं की रेफरी थांबवत नाहीये. पहिला ठोसा लागला तेव्हा पाना अजून रेफरीकडेच बघत होता.

"चल, ऊठ," धाकटीने त्याचा दंड ओढला. "मी धरते, तू सुट. मॅडम, तुम्ही शूटिंग करा. जवळून हं."

डॉक्टरीणबाईंनी आपला मोबाइल वर धरला.

"तो ठेव खाली," पाना पटकन म्हणाला. "माझ्या जिममध्ये शूटिंग नाही."

"कधीपासून?" धाकटी म्हणाली.

"राहू दे," मासा म्हणाला. "करू दे त्यांना."

पान्याने त्याच्याकडे बघितलं. मग फडकं बादलीच्या काठावर टाकलं आणि मॅटच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मासा गुडघ्यांवर बसला, मान पुढे केली. धाकटीने काखेत घेतली, हात गळ्याखालून वळवला, मागे पडली, पाय कमरेला. पकड बसली! काय बसली, एकदम पान्याची पकड, मनगटाचं हाड नेमकं तिथेच. पोरगी चांगली शिकली होती. कान तिच्या बरगड्यांना चिकटला होता आणि आत तिचं काळीज धाडधाड उडत होतं.

तरी ती बावन्न किलोची. तो ऐंशीच्या पुढचा, रोज फरशीची खोकी उचलणारा. तिला तशीच गळ्यात घेऊन उभं राहायचं, एक झटका द्यायचा, डोकं बाहेर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. खांदा खाली, हनुवटी आत, बघितलंत? आणि परवा तिने मान दिली असती.

उजवा हात खाली होता, तिच्या बरगड्यांवर. त्याने दोनदा, अगदी हलकं, टॅप केला.

पकड तत्क्षणी सुटली.

"लागलं?" धाकटी घाबरून म्हणाली. "सॉरी, सॉरी, मी जास्त पिळलं का?"

"नाही."

"मग थांबलास काय? दाखव ना."

"दाखवलं."

"ए, मस्करी नको. नीट दाखव."

"परत धर. जोरात धर."

तिने धरलं. त्याने परत तिथेच दोनदा टॅप केला, परत तिचा हात ढिला झाला, आणि या वेळी त्याने डोकं खेचून बाहेर काढलं, झटक्यात तिच्या छातीवर बसला आणि मूठ उगारली.

मूठ हवेतच राहिली. खाली धाकटी पान्याकडे बघत होती. मान वळलेली, तोंड उघडं. सर, हा टॅप करतोय आणि वर मारतोय, असं काहीतरी ती सांगायला निघाली होती, ते अर्ध्यातच राहिलं.

तोंड मिटायला तिला बराच वेळ लागला.

तो तिच्या अंगावरून उठला. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल हळूच खाली घेतला आणि आधी याच्याकडे, मग सरांकडे बघितलं, आणि मग त्यांना पाण्याची बाटली शोधायची आठवण झाली. धाकटीने मॅटवरचा आपला मोबाइल उचलला. व्हिडिओ एकेचाळिसाव्या सेकंदावरून पुढे सोडला. आवाज बंद. एकदा बघितला. परत मागे नेऊन एकदा. मग मान वर केली आणि दादाकडे नाही, पान्याच्या नाकाकडे बघितलं.

"घाम होता म्हणालात," ती म्हणाली.

"होताच की," पाना म्हणाला. "दोघांनाही होता."

माशाला काहीतरी बोलायचं होतं. सात वर्षं त्याने ते वाक्य गोदामात, बसमध्ये, आंघोळ करताना घोळवलं होतं, आणि आता नेमकं त्यातला पहिला शब्द आठवेना.

"मी तेव्हा... तुम्हाला..."

"चपला नीट लावल्यास बघ तू," पाना म्हणाला. "इथे कुणी लावत नाही."

धाकटीने दातांचं कव्हर तोंडात घातलं, परत काढलं.

"परवाचं," मासा तिला म्हणाला, "कॉर्नरला दुसरं कुणी बघतेस का?"

तिने कव्हर परत घातलं, त्याच्या बाजूने वळसा घालून गेली, पान्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि मान पुढे केली.

"धरा, सर."

पान्याने धरलं. एक, दोन. तिसऱ्याला तिने हात बाजूला नेला आणि सपाट पंजाने मॅटवर अशी थाप मारली, अशी मारली, की बादलीतलं पाणी हिंदकळलं आणि खालून टायरवाल्याचा आवाज आला.

"काय पडलं रे वर?"

माशाने बादलीवरचं फडकं उचललं आणि मॅटवर बसून पुसायला लागला.