वॉरेनच्या नावचा केक

बशी पुढे सरकली तसं एल्डननं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. बशीत मनुकांच्या केकचा जाडजूड तुकडा होता.

"घे की रे. नव्या नवरीसारखा लाजतोस काय?" मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या.

वॉरेनची आई ती. महायुद्धात वॉरेन आणि एल्डन अमेरिकेच्या मरीन दलात एकाच तुकडीत होते. पॅसिफिकमधल्या पेलेलिऊ बेटावरच्या लढाईत वॉरेन मारला गेला, एल्डन वाचला. युद्ध संपून वर्ष उलटलं, तरी आयोवातल्या या शेतघराची पायरी चढायला त्याचा पाय धजत नव्हता. आज कसाबसा आला, तर बाईंनी नेमका केकच पुढ्यात ठेवावा!

"मी पाठवलेला केक मिळाला होता का रे?"

केक आला होता, पण वॉरेन गेल्यावर. उरलीसुरली पोरं पावूवू बेटावरच्या छावणीत परतली होती, जिकडेतिकडे सडक्या नारळांची घाण सुटली होती, आणि टपालात वॉरेनच्या नावचा डबा निघाला. तुकडीचा रिवाज ठरलेला होता. मेलेल्याची पत्रं न फोडता परत धाडायची, खाऊ मात्र सगळ्यांनी वाटून खायचा. डबा उघडला एल्डननंच. पहिला घास घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. केकमध्ये मीठच मीठ! एरवी पोरांनी शिव्यांची लाखोली वाहिली असती. त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. मित्राच्या तोंडचा घास आपण खाल्ला, ही टोचणी मात्र एल्डनला लागली ती लागलीच.

"मिळाला ना!" तो म्हणाला. "चाटूनपुसून खाल्ला त्यानं. आम्हालाही दिला. काय गोड झाला होता, बाई!"

बाईंनी सुरी खाली ठेवली.

"गोड? अरे, साखरेऐवजी मीठ पडलं होतं त्यात. डबा पोस्टात टाकून आले, भांडं घासायच्या आधी बोट चाटलं, तेव्हा कळलं."

एल्डनचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, मी... तो डबा आला तेव्हा वॉरेन..."

"ठाऊक आहे. मी डबा पोस्टात टाकला, त्याच्या आदल्याच दिवशी तार आली होती."

त्याला काही कळेना. "मग तरी डबा पाठवलात?"

"गेलेल्याचा डबा कसा वाटून खाता, ते वॉरेननंच कळवलं होतं मला," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी रेशनची साखर साठवून ठेवली होती. म्हटलं, तो नाही तर त्याची दोस्त पोरं तरी खातील त्याच्या नावानं. पोस्टमास्तरनं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं शिक्का मारला. पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे त्या दिवशी! तेव्हापासून जिवाला एकच घोर. टाकून दिलात का रे?"

"नाही, बाई. कणसुद्धा नाही."

"अरे देवा! कसा गिळलात रे पोरांनो?" बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी एप्रन डोळ्यांना लावला.

"वॉरेनचा होता ना," एल्डन म्हणाला.

मग त्यानं हात वर काढले आणि बशी जवळ ओढली.