बांधलेलं पान

सासऱ्यांनी शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे लावून छपाईचं ते पान लोखंडी चौकटीत जुळवलं, कडेनं लाकडी पाचरा ठोकून घट्ट बांधलं आणि त्याच आठवड्यात अंथरूण धरलं. ते गेले, पान राहिलं. त्यांच्या छपाईच्या छोट्या संग्रहालयात येणारा प्रत्येक जण त्याच पानाचा एक ठसा स्वतःच्या हातानं काढी. मग हौस स्वतःचं नाव जुळवायची, आणि तिथं घोडं अडायचं. अर्धेअधिक खिळे पानात अडकलेले. नाव जुळलं तर आडनावाला अक्षरं उरत नसत.

त्या रविवारी शाळेची मुलं यायची होती. सासूबाई आतल्या खोलीत कागद कापता कापता म्हणाल्या, "आज पान तू चढव यंत्रावर."

आजवर सुनेनं फक्त शाईचे रूळ पुसले होते. प्रयोगशाळेत काचसामान हाताळणारी ती. हात स्थिर होते. तिनं चौकट दोन्ही हातांनी उचलली, आणि मधलं सगळं खडखडत खालच्या दगडी फरशीवर आलं. हातात उरली रिकामी चौकट.

कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पाचरा सैल होतात. का होतात, हे तिनं तासभर समजावलं असतं. उचलण्याआधी त्या पुन्हा ठोकायच्या, एवढंच विसरली.

कोपऱ्यात वह्या शिवणाऱ्या बाइंडरकाकांनी सुई थांबवली. "मी काही पाहिलं नाही, सूनबाई. आवाज मात्र अख्ख्या गल्लीनं ऐकला."

सासूबाई दारात उभ्या होत्या. सून चौकट धरूनच वळली. "आई, बाबांच्या हातचं होतं..."

त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, लांब श्वास सोडला. "सुटलं एकदाचं."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"ते असते तर माझ्यावर रागावले असते. छापून झालं की पान सोडायचे, खिळे आपापल्या खणांत गेल्याशिवाय जेवायला उठत नसत. आणि मी त्यांचंच बांधून ठेवलं. दर रविवारी हात पाचरेपर्यंत जायचा आणि माघारी यायचा."

"मला सांगायचं, वहिनी," बाइंडरकाका म्हणाले. "कधीच पाडलं असतं."

"म्हणून तर तुम्हाला हात लावू दिला नाही."

सुनेला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले.

मुलं आली तेव्हा तिघं खिळे वेचत होती. मुलंही बसली. खण भरत गेले. एका लांबलचक आडनावाच्या मुलीनं अख्खं नाव जुळवलं. एकही अक्षर कमी पडलं नाही.

सुनेनं पाचरा ठोकल्या, चौकटीचा एक कोपरा जरासा उचलून खिळे अंगठ्यानं दाबून पाहिले. एकही हलला नाही.

"आई, उचलू?"

"मला काय विचारतेस? खिळ्यांना विचारलंस ना?"