गौरीचा कंद

हौसाकाकीनं काय खाल्लं ते डॉक्टरला मीच सांगितलं. कंद मीच आणला होता.

आमच्या निडी गावात गौर आणतात ती कळलावीच्या वेलीची. लाल-पिवळी फुलं, पेटल्यासारखी. वेल जमिनीच्या वर मोडायची, मुळाला हात लावायचा नाय. गौर पुढल्या वर्षी परत यायला पायजे. त्यामुळं कळलावीचा कंद गावात कोणी बघितलेलाच नाय.

मी काका-काकीकडं राहतो, कंपनीत शिफ्ट करतो. दहावीनंतर शाळा नाय. झाडांचं जे काय येतं ते पुस्तकं आणि मोबाईलवरून. एकेका झाडाचं वर्णन मोबाईलमध्ये लिहून ठेवतो. कळलावीचं जवळजवळ झालं होतं. पाकळ्या सहा, मागं वळलेल्या. पानाचं टोक दोऱ्यासारखं, मिळेल त्याला गुंडाळतं. पूर्वी लिलीच्या कुळात धरायचे, आता कूळ वेगळं. आफ्रिकेतपण रानात उगवते, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. काकीला वाचून दाखवलं.

"म्हंजे गौरीचं सासर आफ्रिकेला?" काकी म्हणाली. "लेक लय लांब दिलीत रे."

फक्त 'कंद' पुढं रिकामं होतं. मला ते रिकामं बघवेना. दिवाळीनंतर वेल सुकली तसा खणला. दोन बोटं फाकवल्यासारखा, वरून तपकिरी, आत पांढरा. आणखी चार काढले. धुतले, ओट्यावर सुपात ठेवले, चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, कूळ, तारीख. इंग्रजीत. विषारी हेपण लिहिलं होतं, पण ते मोबाईलमध्ये. मग शिफ्टला गेलो.

शेजारच्या सुपात काकीचे करांदे होते, तेपण तपकिरी कंदच. तिनं दोन्ही एकत्र चिरून मीठ घालून उकडले. केरूकाका त्या दिवशी जोहे गावाला गेलेला, म्हणून वाचला.

मी घरी आलो तेव्हा तिला उलट्या सुरू होत्या. रिक्षात घालून रोह्याला नेलं, तिथून अलिबागला. वाटेत विचारलं, कडू नाय लागलं? म्हणाली, करांदे कडूच असतात. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू आणलेलं म्हंजे बघूनच आणलं असशील."

तिसऱ्या दिवशी गेली.

तेराव्यानंतर काकानं एकच विचारलं. "इखारी हाय, तुला ठावं होतं?"

"व्हय."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाय. ताट वाढतो, पुढं सरकवतो.

यंदा गौर आणायला एकटाच गेला. दुसऱ्या बांधावरून वेल मोडून आणली, मूळ तसंच ठेवून. मी खणलं तिथं काय उगवलं नाय.