शाफ्टमधली देवी

शेलूबाजारच्या कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की अर्धं गाव दाराशी जमायचं. छताखालच्या लांब लोखंडी शाफ्टवर सरकी काढणाऱ्या सगळ्या रेच्यांचे पट्टे. इंजीन सुरू होई, कामाच्या बाया आत शिरत, आणि नेमका तेव्हाच शाफ्ट थरथरू लागे. पत्रे वाजत.

"आली! माय आली!" जगदेवबुवा ओरडायचा. लिंबू कापायचा, राख फुंकायचा, मंत्र पुटपुटायचा. मिनिटभरात शाफ्ट शांत! लोक बुवाच्या पायावर लोळण घेत.

"माय कोपली काहून?" जिनाच्या शेठनं गुरुवारी विचारलं.

बुवानं कामाच्या बायांतल्या तुळसाबाईकडे बोट केलं. "हे रांडव बाई आत पाय ठेवते, अन् माय कापते. काढा इले."

दोन मुलींचं पोट तिच्या मजुरीवर होतं. तरी तिला काढलं. मी तिथला फिटर, गप्प उभा होतो.

रविवारी बंद जिनात मी शेठला, बुवाला आणि गावाला बोलावलं. बाई एकही नव्हती. इंजीनवाल्या धनसिंगला म्हणालो, "हळू." शाफ्ट शांत. "वाढव." थरथर सुरू. "आता इथंच ठेव."

बुवानं तीन लिंबं कापली. मंत्र संपले, घाम फुटला, थरथर तशीच.

"आणखी वाफ दे." शाफ्ट आपोआप गप्प झाला.

मी सांगितलं, "यंदा मधलं बेअरिंग फुटलं, ते बसवलंच नाही. दांडा मध्ये अधांतरी राहिला. थोडा वाकडा आहे, म्हणून प्रत्येक फेऱ्यात हिसका बसतो. पाळण्याला त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो, तसा ठरावीक वेगाला हा थरथरतो. वेग पुढे गेला की थांबतो. रोज तो वेग येतो तेव्हाच बाया आत येतात. बुवा फक्त मिनिटभर मंत्र लांबवतो."

शेठनं मान डोलावली. जिन बंदच ठेवलं, आठ दिवसांत बेअरिंग बसलं. जिन उघडलं त्या सकाळी शाफ्ट जराही हलला नाही.

"पाह्यलं?" बुवा गरजला. "बाई गेली अन् माय शांत झाली!" त्याच्या गळ्यात दोन हार पडले.

"खरं काय ते मले समजते, फिटर," शेठ हळूच म्हणाला. "पण तिले आता आणू नका."

मी तुळसाबाईच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. तिनं मुलींकडे पाहिलं.

"भाऊ, मी गेल्यावरच थांबलं ना? मंग माहाच पायगुण खराब."

वाचकहो, तुमच्याकडे काही थरथरलं तर आधी यंत्र उघडून बघा, आणि बघितलेलं त्याच दिवशी बोला. बेअरिंग फुटलेलं मला गुरुवारीही माहीत होतं.