दिवे मोजणारे काका

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. हेल्मेटवर कपाळापाशी बसतो आणि गुहेत वाट दाखवतो. आता माझी काच ओरखडली आहे, पट्ट्याला दोन ठिकाणी टाके आहेत. पण खोक्यातून निघालो तेव्हा मी असा चकचकीत होतो की मलाच माझा अभिमान वाटे.

मला आणले वायरमनकाकांनी. तीस वर्षे रोज संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे मोजायचे आणि न पेटलेले दुरुस्त करायचे, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी दहा मुलांना गावाबाहेरच्या गुहेत नेऊ लागले, तेही निव्वळ हौसेने. काकू गुहेच्या तोंडाशी पाणी घेऊन बसत. "घरातला बल्ब बदलायला यांना वेळ नाही, पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायला रविवार मोकळा!" असे म्हणत, आणि स्वतः एकही रविवार चुकवत नसत.

पहिली काही वर्षे पोरे माझ्यासाठी भांडत. मग माझे बटण सैल झाले. कधी लागे, कधी रुसे. मुले मला टाळू लागली. "पुढच्या आठवड्यात नवं बसवतो," काका म्हणत. तो आठवडा काही उगवत नव्हता.

एका रविवारी उशिरा आलेल्या मुलीच्या वाट्याला मी आलो. ती इतके हळू बोले की बाकीच्यांनी तिचे नावच हळूबाई ठेवले होते. तिने सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसली. कितीतरी दिवसांनी कोणी माझे लाड केले होते.

गुहेच्या पोटात एक मोठी खोली आहे. तिथे काकांचा एक रिवाज होता. "सगळे दिवे बंद. मिनिटभर कोणी चकार शब्द काढायचा नाही. खरा अंधार कसा असतो ते बघून घ्या." मग ते "पेटवा!" म्हणत, लांबूनच दिवे मोजत आणि पुढे होऊन सगळ्यांना बाहेर नेत.

त्या दिवशी मी पेटलो नाही. हळूबाईने बटण दाबले, पुन्हा दाबले. "काका, माझा लागत नाही," ती म्हणाली. पण त्या कल्ल्यात ते कोणाला ऐकू जाणार? तेवढ्यात एका अगाऊ पोराने आपल्या दिव्याबरोबर घरून लपवून आणलेली बॅटरीही लावली. काकांनी दिवे मोजले. नऊ आमचे आणि एक बॅटरी.

"दहा. चला!"

ती बटणाशी झटत असतानाच सगळे बाहेर जाणाऱ्या अरुंद बोळात शिरले; उरलो आम्ही दोघे. एकटे पडलात तर जागचे हलायचे नाही, दगड ठोकत राहायचे, हे काकांनीच शिकवले होते. तिने चाचपडून दगड शोधला आणि भिंतीवर ठोकू लागली. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

बाहेर हेल्मेटे गोळा करताना काकूंच्या हाती नऊच आली. काका आल्या पावली आत धावले.

"बाळा, कुठे आहेस?"

"इथेच, काका. हलले नाही मी."

काका तिच्याशेजारी मटकन बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

त्याच दुपारी ते तिला घरी पोहोचवायला गेले. मी त्यांच्या पिशवीत होतो. तिची आई नर्स. काकांनी काही लपवले नाही. "चूक माझी आहे. मी दिवे मोजले, पोरं मोजली नाहीत. आता हे बंदच करतो."

"तुमच्या भरवशावर पाठवली होती हो मी," आई म्हणाली.

हळूबाईने आईचा हात धरला. "आई, बंद नको ना."

आईने लेकीच्या केसांतली धूळ झटकली. मग काकांना म्हणाली, "सगळ्यांत मागे चालायला एक माणूस हवं तुम्हाला. रविवारी मी येते."

माझे बटण काकांनी त्याच संध्याकाळी बदलले. मित्रांनो, वस्तूचे दुखणे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि कोणी हळू बोलत असेल तर जरा थांबून ऐका. आमच्या गुहेत आता कोणी दिवे मोजत नाही. नर्सबाई बोळाच्या तोंडाशी बसतात, प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवतात आणि मोठ्याने आकडा म्हणतात. दहा झाले की काका वाकून बोळात शिरू लागतात. तेव्हा त्या त्यांना थांबवतात, त्यांच्याही डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "अकरा."